एकोणतीस इंचांवरची काळी फरशी

मित्रांनो, तुम्ही धावतपळत स्वयंपाकघरात येता, घटाघटा पाणी पिता आणि रिकामं भांडं जिच्यावर आदळून पुन्हा खेळायला पळता, ती मी. ओट्यावरची एक जुनी काळी फरशी. भांडं आदळल्याबद्दल माझी तक्रार नाही. सव्वीस वर्षं मी तेच ऐकते आहे आणि आता तो आवाज आला नाही तर मलाच चुकल्यासारखं वाटतं.

माझं खरं वय मला विचारू नका. डोंगराच्या पोटात मी किती काळ होते हे सांगायला तुमच्या अख्ख्या शाळेची बोटं एकत्र केली तरी पुरणार नाहीत. मला आठवतं ते एवढंच, की एके दिवशी उजेड दिसला. मग मोठ्या करवतीखाली मला धरलं. वरून सारखी पाण्याची धार चालू होती, तरी अंग पोळत होतं. शेवटी माझी एक बाजू घासून घासून अशी गुळगुळीत केली, की कारागीर वाकला की त्याला स्वतःच्या मिशा दिसत.

पण माझ्या अंगावर एक पांढरी शीर होती. एका कोपऱ्यापासून निघून ती तिरपी मधोमध गेलेली. फरशीच्या वखारीत गिऱ्हाईक यायचं, माझ्यावरून हात फिरवायचं, खूश व्हायचं आणि शीर दिसली की हात काढून घ्यायचं. "ही इथून तडकणार," असं जो तो म्हणे. माझ्याबरोबर आलेल्या सगळ्या फरश्या घरोघरी गेल्या. मी मात्र दीड वर्ष भिंतीला टेकून उभी होते. मित्रांनो, कुणी आपल्याला नको म्हटलं तर वाईट वाटतंच. पण रोज नवा माणूस येऊन नको म्हणाला की हळूहळू त्याचीही सवय होते, आणि ती सवय जास्त वाईट.

एके सकाळी वखारीत एक जोडपं आलं. पुरुष ताडमाड उंच. बाई इतक्या बुटक्या, की त्या त्याच्या मागे उभ्या होत्या तेव्हा मला दिसल्याच नाहीत. त्यांच्या गळ्यात कपडे मोजायची पिवळी टेप होती. घरून निघताना काढायची राहून गेली असावी. त्या कपडे शिवत. सगळे त्यांना टेलरबाई म्हणत. नवरा बस चालवायचा, म्हणून तो ड्रायव्हरसाहेब.

टेलरबाई माझ्यापुढे थांबल्या.

वखारवाला घाईघाईने म्हणाला, "ताई, ती नको. तिला शीर आहे. मी तुम्हाला आतली चांगली काढून देतो."

"शीर कुठली? खडूची रेघ आहे ती," टेलरबाई म्हणाल्या. "कापडावर रोज मारते तशी. अहो, बघा ना, हुबेहूब."

ड्रायव्हरसाहेबांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग वखारवाल्याला म्हणाले, "हीच द्या. हिला एकदा आवडलं की आवडलं. आता आणखी दहा दाखवाल आणि संध्याकाळी आपण सगळे इथेच उभे असू."

अशी माझी निवड झाली.

त्यांचं घर तेव्हा बांधून होत आलं होतं. गल्लीच्या टोकाला, छोट्याशा जागेवर. त्याआधी ती दोघं पाच भाड्याच्या घरांत राहिली होती, आणि पाचही घरांत टेलरबाई लाकडी खोक्यावर उभ्या राहून स्वयंपाक करायच्या, कारण ओटा त्यांच्या छातीला लागायचा. चौथ्या घरात तो खोका एकदा घसरला. हातात उकळत्या पाण्याचं पातेलं होतं. डाव्या दंडावर जो डाग राहिला तो कायमचाच. म्हणून स्वतःचं घर बांधायला काढलं, तेव्हा त्यांनी फार काही मागितलं नाही. खिडक्या, जिना, रंग, सगळं नवऱ्यावर सोडलं. ओटा मात्र नाही.

घर बांधणारा मिस्त्री तरुण होता, हाताचा सफाईदार आणि तोंडाचा तितकाच फटकळ. तो म्हणाला, "ओटा चौतीस इंच घेतो, ताई."

"का?"

"चौतीसच असतो."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा."

"मग ते सगळे किती उंच आहेत?"

मिस्त्री डोकं खाजवायला लागला. टेलरबाईंनी चपला काढल्या, भिंतीला पाठ लावून सरळ उभ्या राहिल्या, कोपरात हात वाकवला आणि गळ्यातली टेप नवऱ्याच्या हातात दिली. "कोपरापासून जमिनीपर्यंत घ्या. आणि त्यातून पाच इंच वजा करा. पीठ मळताना हात खाली जायला हवा ना."

ड्रायव्हरसाहेब गुडघ्यावर बसले. त्यांनी दोनदा मोजलं. "एकोणतीस."

"एकोणतीस?" मिस्त्री हसला. "ताई, तो ओटा नाही, बाकडं होईल. लोक हसतील."

"हसू देत. लोक काही माझ्याकडे भांडी घासायला येणार नाहीत."

"आणि उद्या घर विकायचं झालं तर?"

"विकायला बांधत नाही, मिस्त्री. राहायला बांधतेय. मापाशिवाय मी साधी उशीची खोळ शिवत नाही, आणि जन्मभर जिथे उभं राहायचं ती जागा अंदाजे बांधू होय?"

मिस्त्रीने कुरकुरत भिंतीवर एकोणतीसची खूण केली. पण मित्रांनो, एकदा पटल्यावर त्याने काम असं केलं, की काय सांगू! मला बसवताना त्याने चारही बाजूंनी लेव्हल लावून पाहिली. काचेच्या नळीतला बुडबुडा केसभरही इकडे तिकडे झाला की मला उचलायचा, खालचा सिमेंटचा माल सारखा करायचा, पुन्हा बसवायचा. सिंकसाठी माझ्यात चौकोन कापला तेव्हा त्याने जीभ दातांत धरली होती, कारण शीर जवळून जात होती. पण शीर तडकली नाही. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याचाही.

तिसऱ्या दिवशी टेलरबाई आल्या. त्यांनी दोन्ही तळहात माझ्यावर ठेवले. टाचा जमिनीला पूर्ण टेकलेल्या. खांदे खाली, सैल. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या, मग पदराने माझ्यावरची धूळ पुसायला लागल्या. ती पुसून झाली तरी पुसतच होत्या. मिस्त्रीने तोंड फिरवलं आणि उगाचच खिडकीचा कोयंडा तपासत बसला.

पुढची वर्षं माझी फार सुखात गेली. हसणारे हसले. शेजारच्या काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा "अगंबाई, बाहुलीचं स्वयंपाकघर!" म्हणाल्या. ड्रायव्हरसाहेबांना चहाचा कप उचलायला कंबरेत वाकावं लागायचं. ते सकाळी ड्युटीवर जाताना डबा उचलायचे आणि "नमस्कार, महाराणी" असं म्हणायचे. मला म्हणायचे की बाईंना, हे मला कधी कळलं नाही.

मी काय काय पाहिलं नाही! दूध उतू गेलेलं, पिठाचा डबा सांडलेला, ऐन गडबडीत सुरी हरवलेली आणि ती टेलरबाईंच्या हातातच सापडलेली. त्यांचा मुलगा माझ्यावर बसून गणितं सोडवायचा आणि आई पाठमोरी असली की गूळ खायचा. पुढे तो बापासारखाच उंच होत गेला. आईने हाक मारायला 'लांब्या' सुरू केलं ते कायमचंच झालं. माझी चकाकी कमी होत गेली. चहाची गोल वर्तुळं उमटली, सुरीचे ओरखडे पडले. पण टेलरबाई रोज रात्रीची भांडी झाली की मला धुऊन कोरडं पुसायच्या. कोरडं. हे महत्त्वाचं आहे, कारण नुसतं धुऊन ओलं ठेवणारे पुष्कळ असतात.

लांब्याचं लग्न झालं आणि सूनबाई घरात आली. ती शाळेत खेळ शिकवायची. गळ्यात शिट्टी, केस घट्ट बांधलेले, आणि उंची जवळजवळ नवऱ्याएवढी. टेलरबाईंनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हिच्या ड्रेसला कापड जास्त लागेल, पण दिसेल किती छान!" दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं. सकाळी टेलरबाई करायच्या, संध्याकाळचं सूनबाई. शिलाईचं काम वाढलं तशा टेलरबाई दुपारी यंत्रावर बसायच्या त्या दिवेलागणीलाच उठायच्या.

मित्रांनो, त्या दोन वेळांपैकी संध्याकाळची बाजू फक्त मी पाहत होते.

सूनबाई माझ्यापुढे उभी राहिली की मी तिच्या मांडीला लागायचे. तळ्यावर पाणी प्यायला आलेला जिराफ कसा पुढचे पाय फाकवून वाकतो? ती तशी उभी राहून भाजी चिरायची. कधी एक गुडघा खालच्या कपाटाच्या दारावर टेकवायची. कधी चिरता चिरता थांबून दोन्ही हात मागे कंबरेवर ठेवायची आणि डोळे मिटून घ्यायची. पावलं वाजली की पुन्हा वाकायची. मी तर बोलू शकत नव्हते. माझ्या थंड अंगाने तिच्या तळहातांना जेवढा गारवा देता येईल तेवढा मी देत होते.

अशी तीन वर्षं गेली. एका रविवारी तिने भाताचं पातेलं उचललं आणि ती तशीच अडकली. ना वर येता येईना, ना खाली ठेवता येईना. लांब्याने धावत येऊन पातेलं घेतलं. टेलरबाई तेव्हा एका गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवायला गेल्या होत्या.

डॉक्टरांकडून आल्यावर दोघं माझ्यापाशीच उभी राहून बोलली.

"वाकायचं नाही म्हणतात. आणि तू तीन वर्षं मूग गिळून बसलीस?" लांब्या म्हणाला.

"काय सांगणार? खेळाची टीचर मी. पोरांना शंभर उठाबशा काढायला लावते आणि घरी येऊन म्हणू, कंबर दुखते? आणि आईंनी किती हौसेनं बांधून घेतलाय हा ओटा. त्यांना यातलं काही सांगू नकोस."

लांब्या दुपारी वडिलांशी बोलला. दोघा पुरुषांनी मिळून स्वयंपाकघर बदलायचं ठरवलं. दोघांपैकी एकानेही आयुष्यात कधी भात लावलेला नव्हता, हे इथे सांगायला हवं.

"तुझ्या आईला कसं सांगायचं?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले. त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. बसचा क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला होता, त्यामुळे ते बहुतेक वेळ पॅसेजमधल्या खुर्चीतच असत.

"आत्ता नको सांगायला. ऐकून रडेल. झाल्यावर बघेल तर आवडेल. मावशीला पडदे शिवून हवेतच, आईला पंधरा दिवस तिकडे पाठवू."

सूनबाईने विचारलं, "आईंना विचारलंस ना?"

"विचारलं," लांब्या म्हणाला.

मित्रांनो, हे खोटं होतं. प्रेमापोटी बोललेलं होतं, पण खोटं होतं.

टेलरबाई पिशवीत कात्री आणि टेप घालून बहिणीकडे गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी किचन डिझाइन करणाऱ्या मॅडम आल्या. त्यांनी एका छोट्या यंत्रातून लाल ठिपका भिंतीवर पाडला, भिंतीची लांबी घेतली, खिडकीची रुंदी घेतली, छताची उंची घेतली. वहीत चित्र काढलं. चित्र छानच होतं. त्यात मी नव्हते.

मग तोडफोड करणारी माणसं आली. त्यांच्या मुकादमाने माझ्यावर हातोडा टेकवला आणि म्हणाला, "बाजूला व्हा. दोन ठोक्यांत मोकळं करतो."

तेवढ्यात पॅसेजमधली खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज झाला.

"थांब! हात लावू नकोस तिला!" ड्रायव्हरसाहेब लंगडत आत आले. "फोडायची नाही. अख्खी निघाली पाहिजे."

"अहो काका, सव्वीस वर्षांची सिमेंटात बसलेली फरशी अख्खी कशी निघेल? आणि ठेवणार कुठे?"

"ते मी बघतो. तू चहा पी."

त्यांनी फोन करून मिस्त्रीला बोलावलं. होय, तोच मिस्त्री. आता डोळ्यांना जाड चष्मा, केस पांढरे, पण तोंड तसंच फटकळ. त्याने मुकादमाकडे पाहिलं, हातोड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "त्या खेळण्याला आधी बाहेर ठेव." मग गुडघ्यांवर बसून त्याने बारीक छिन्नीने माझ्या खालचा माल कोरायला सुरुवात केली. सकाळपासून दुपारपर्यंत तो कोरत होता. सगळ्यांची नजर माझ्या पांढऱ्या शिरेवर. चौघांनी मला उचललं तेव्हा ड्रायव्हरसाहेबांनी श्वास रोखून धरला होता.

शिरेला काही झालं नाही. पण सिंकच्या चौकोनाच्या कोपऱ्यात 'टक्' असा आवाज आला, आणि माझे दोन तुकडे झाले. एक मोठा, एक लहान.

दुखलं का? दगडाला दुखत नाही असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. तसंच समजा. मला तेव्हा एकच प्रश्न पडला होता, आता मी कुठल्या तुकड्यात आहे? मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ दोन्ही तुकडे टेकवून ठेवले आणि मिस्त्रीने जाता जाता मोठ्या तुकड्यावर हात ठेवला, तेव्हा तो मला जाणवला. म्हणजे मी मोठ्यात होते. पण तो लहान तुकडाही मला परका कधी वाटला नाही.

आठ दिवस मी तिथे होते. अंगावर वाळकी पानं साठली. एक पाल सकाळच्या उन्हात माझ्यावर येऊन शेकत बसायची. समोरच स्वयंपाकघराची खिडकी होती. आतून ड्रिलचा आवाज यायचा. नव्या कपाटांचा सांगाडा उभा राहताना मला दिसत होता. रागावायचं कुणावर? सूनबाईची कंबर बरी होणार असेल तर माझी जागा गेली तरी चालेल, असं मी मनाला सांगायचे. मन ऐकायचंही. संध्याकाळी मात्र, भाजी चिरायच्या वेळेला, ऐकायचं नाही.

नवव्या दिवशी टेलरबाई परत आल्या. पडदे लवकर शिवून झाले होते. त्या दुपारी रिक्षातून उतरल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. घरात सगळे होते. मॅडमही होत्या, कारण त्या दिवशी वरची पांढरी फरशी बसवायची होती.

मला खिडकीतून स्पष्ट दिसलं. टेलरबाई ओरडल्या नाहीत. त्या नव्या सांगाड्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. कड त्यांच्या छातीच्या जरा खाली लागली. त्यांनी डावा दंड उजव्या हाताने धरला. तो जुन्या डागाचा दंड.

"आई, अगं, तुला सांगणारच होतो," लांब्याने सुरुवात केली.

"हिची कंबर दुखते म्हणून केलं," ड्रायव्हरसाहेब खाली बघत म्हणाले. "तीन वर्षं दुखतेय. डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय."

टेलरबाईंनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाई नवऱ्याकडे पाहत होती. "तू तर म्हणालास, आईंना विचारलंय."

लांब्याचा चेहरा पडला.

"ते नंतर बघू," टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून टेप काढली. "अगं, इकडे ये. चपला काढ. सरळ उभी राहा, भिंतीला पाठ लाव. कोपर वाकव."

सूनबाई उभी राहिली. टेलरबाईंनी जमिनीपासून टेप धरली. कोपर त्यांच्या खांद्याला लागत होतं. टेपचं खालचं टोक त्यांनी पायाच्या अंगठ्याखाली दाबलं.

"त्रेचाळीस. पाच वजा केले तर अडतीस." त्या मॅडमकडे वळल्या. "हा ओटा किती घेतलाय?"

"चौतीस. फरशी धरून," मॅडम म्हणाल्या. "स्टँडर्ड तेवढंच असतं."

"म्हणजे माझ्यासाठी पाच इंच वर आणि हिच्यासाठी चार इंच खाली. मग हा ओटा आहे तरी कुणाचा?"

मॅडमनी वहीकडे पाहिलं. लांब्याने छताकडे पाहिलं.

"भिंतीचं माप घेतलंत, खिडकीचं घेतलंत," टेलरबाई म्हणाल्या. "हिला कुणी विचारलं का?" आणि मग मित्रांनो, त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दुसऱ्यांना काय बोलू? मीच विचारलं नाही. गिऱ्हाइकाचा एक खांदा खाली असला तर दारातून आत येतानाच मला दिसतो. आणि ही माझ्या घरात तीन वर्षं वाकतेय, ते मला दिसलं नाही. माझा ओटा मला बरोबर बसला ना, मग तो जगाला बसतो असंच धरून चालले. पाच घरांत मी खोक्यावर उभी राहिले, आणि हिला मी काय दिलं?"

"आई, असं नका म्हणू," सूनबाई म्हणाली. "मीच बोलले नाही."

"बोलायला लागू नये म्हणून तर घरची माणसं असतात." टेलरबाईंनी नाक ओढलं, टेप पुन्हा गळ्यात टाकली. "फरशी कुठाय माझी? फोडलीत?"

"अंगणात आहे," ड्रायव्हरसाहेब घाईने म्हणाले. "दोन तुकडे झालेत. पण आहे."

त्या बाहेर आल्या. माझ्यावरची पानं झटकली. तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं, जसं त्या फाटलेल्या कापडावरून फिरवतात, म्हणजे रडायला नव्हे तर कुठून जोडता येईल ते बघायला. मग आत हाक मारली, "मॅडम, जरा इकडे या. एक बाजू हिची, अडतीस इंच. खिडकीकडची माझी, एकोणतीस. जमेल?"

"जमेल, पण मधे पायरी दिसेल. ओळ तुटेल," मॅडम म्हणाल्या.

"तुटू दे. अख्ख्या घराला एकाच मापाचे सदरे शिवून घातले तर ओळ छान दिसते, पण माणसं तशी दिसत नाहीत."

मॅडमनी वही मिटली. मग हसल्या. त्या मनाने चांगल्या होत्या. म्हणाल्या, "बारा वर्षं किचन करतेय. माझ्याच घरचा ओटा माझ्या पोटात रुततो. मला वाटायचं, माझंच पोट वाढलंय." टेलरबाईंनी तिथेच अंगणात त्यांचंही माप घेतलं.

लांब्याला काय शिक्षा झाली विचाराल? आईने त्याला बोल लावला नाही. फक्त म्हणाली, "पुन्हा माझ्या नावानं 'विचारलं' असं सांगायचं नाही." त्याने दोन्ही कान धरले, आणि पुढचा आठवडाभर बायकोने त्याला चहा हातात दिला तो साखर न घालता.

मिस्त्री परत आला. मॅडमची माणसं आणि तो, यांची आधी तू तू मैं मैं झाली आणि मग गट्टी जमली. सिंक सूनबाईच्या उंच बाजूला गेलं, नव्या पांढऱ्या फरशीत. माझी तुटलेली कड सरळ कापून घासली आणि मला खिडकीखाली बसवलं, खाली कपाट न करता मोकळं ठेवून, कारण मला आधाराला दोन भक्कम भिंती पुरे होत्या. लहान तुकडा शिलाईच्या खोलीत गेला. त्यावर आता गरम इस्त्री ठेवतात. ते काम माझ्या कामापेक्षा कडक आहे, आणि तो ते अभिमानाने करतो असं मला ऐकू येतं.

सूनबाई आता ताठ उभी राहून चिरते आणि चिरता चिरता गाते. तिला सुरांचं फारसं अंग नाही, पण घरात कुणी तसं म्हणत नाही.

आणि एक गोष्ट अशी झाली, जिचं माप कुणीच घेतलं नव्हतं. एका दुपारी टेलरबाई यंत्रावर होत्या, सूनबाई शाळेत. ड्रायव्हरसाहेब पॅसेजमध्ये कंटाळले. ते खुर्ची ओढत आत आले, खिडकीपाशी उजेड होता म्हणून पेपर घेऊन माझ्यासमोर बसले. पाय माझ्या खाली मोकळ्या जागेत आरामात गेले. कोपरं माझ्यावर टेकली. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग टोपलीतली शेंगांची जुडी ओढली आणि शेंगा मोडायला लागले.

टेलरबाई पाणी प्यायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, हे काय चाललंय?"

"तुझा ओटा बसून काम करायला अगदी बरोबर आहे गं. गुडघ्यावर भारच येत नाही. इतकी वर्षं मी उगाच लांब राहिलो."

"उभे कधी राहिलात तुम्ही इथे?"

"तेच म्हणतोय. वाकून उभं राहावं लागायचं, म्हणूनच नाही राहिलो."

टेलरबाई इतक्या हसल्या, की त्यांना भिंतीला धरावं लागलं.

पहिल्यांदा ड्रायव्हरसाहेबांनी चिरलेले कांदे असे होते, की एकाच कांद्यात चार घरांचे तुकडे वाटावेत. पहिला भात खाली लागला, दुसरा वर कच्चा राहिला. पण मित्रांनो, ज्याने चाळीस वर्षं गर्दीतून बस काढली त्याला धीराची काय कमतरता? आता संध्याकाळचा अर्धा स्वयंपाक त्यांचा असतो. ते माझ्याजवळ बसून चिरतात, मळतात, निवडतात, आणि पलीकडे सूनबाई शेगडी सांभाळते. "भाजी निघाली का?" तिने विचारलं की ते म्हणतात, "दोन मिनिटांत सुटते. सीट धरून ठेव." टेलरबाई काम आटोपून येतात तेव्हा कधी कधी त्यांना करायला काही उरलेलंच नसतं. मग त्या खिडकीशी उभ्या राहून नुसत्या बघतात आणि तळहात माझ्यावर टेकवतात.

मी आता अर्धी आहे, माझ्या कडा झिजल्या आहेत, पण मला रोज तीन माणसांचे हात लागतात. आधी इतके कधी लागत नव्हते. मी समाधानी आहे.

मित्रांनो, जाता जाता दोन मागण्या करते. पहिली माझी स्वतःची. विस्तवावरून उतरवलेलं भांडं थेट आमच्या अंगावर ठेवू नका, आणि आम्हांला पुसाल ते कोरडं पुसा. दुसरी मागणी तुमच्या घरच्या माणसांसाठी. आज घरी गेलात की स्वयंपाकघराच्या दारात दोन मिनिटं उभे राहा आणि काम करणाऱ्या माणसाकडे बघा. त्याचे खांदे बघा, टाचा बघा. मधेच थांबून त्याने कंबरेवर हात ठेवला तर विचारा, काय होतंय? पहिल्यांदा "काही नाही" असंच उत्तर येईल. तिथून निघून जाऊ नका. आणखी एकदा विचारा.